पाहुणचार संपतो, त्यानंतर

‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण मराठी घरांत हसत हसत सांगितली जाते. पण ज्याला परत जायला घरच उरलेले नाही, त्याने तिसऱ्या दिवशी कुठे जावे? युद्धाने उखडलेल्या युक्रेनी माणसांबाबत युरोपातील अनेक देशांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर अनेक बाजूंनी हल्ला केला. काही आठवड्यांत लाखो माणसे पश्चिमेकडे निघाली. लष्करी कायद्यामुळे १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडण्याची परवानगी नव्हती. त्यामुळे सीमेवर आल्या त्या प्रामुख्याने बायका, मुले आणि म्हातारी माणसे. पोलंडच्या रेल्वे स्थानकांवर लोकांनी गरम जेवण, चादरी आणि मुलांच्या गाड्या आणून ठेवल्या. अनेकांनी अनोळखी कुटुंबांना घरातली एक खोली दिली. पोलंड सरकारने अशा यजमानांना माणशी दिवसाला ४० झ्लॉटी दिले, तर ब्रिटनने महिन्याला ३५० पौंड. माणुसकीचे ते दिवस विसरण्यासारखे नाहीत.

मात्र त्या दिवसांतली सर्वांत मोठी मदत ताटातून आलेली नव्हती. ती आली कायद्यातून. युगोस्लाव्हियातील युद्धांच्या अनुभवानंतर युरोपीय संघाने २००१ मध्ये तात्पुरत्या संरक्षणाचा एक कायदा करून ठेवला होता. एकवीस वर्षे तो कधीच वापरला गेला नाही. ४ मार्च २०२२ रोजी, हल्ल्यानंतर अवघ्या आठ दिवसांत, तो प्रथमच लागू झाला. राहण्याचा परवाना, मुलांना शाळा, औषधोपचार आणि पहिल्या दिवसापासून काम करण्याचा हक्क एकाच नोंदणीत मिळाला. पोलंडमध्ये तर मालकाने ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन कळवले की पुरे; कामाच्या वेगळ्या परवान्याची गरज उरली नाही. आज युरोपीय संघात चाळीस लाखांहून अधिक माणसे या संरक्षणाखाली राहतात. त्यांपैकी निम्मी फक्त जर्मनी आणि पोलंड या दोन देशांत आहेत.

हक्क मिळाला म्हणजे काम मिळाले असे होत नाही, आणि काम मिळाले म्हणजे माणूस रुजला असेही होत नाही. जर्मनी आणि पोलंड या दोन देशांची उदाहरणे शेजारी ठेवली की हे स्पष्ट दिसते.

पोलंडने लोकांना चटकन कामाला लावले. तेथे युद्धाआधीच लाखो युक्रेनी मजूर काम करत होते, ओळखीपाळखी होत्या आणि दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. पहिल्याच वर्षी कामाच्या वयाच्या निम्म्याहून अधिक निर्वासितांना रोजगार मिळाला. पुढे ते प्रमाण दोन तृतीयांशांच्या वर गेले. पण त्यातले बरेच काम गोदामात, हॉटेलच्या खोल्यांत, सफाईत आणि कारखान्याच्या पट्ट्यावर. युक्रेनमध्ये हिशेब तपासणारी, शाळेत गणित शिकवणारी किंवा दवाखान्यात परिचारिका असलेली बाई येथे चादरी बदलू लागली. त्या कामात कमीपणा मुळीच नाही. पण वीस वर्षे मिळवलेले कौशल्य गंजत गेले, तर नुकसान तिचे होते आणि तिला आसरा देणाऱ्या देशाचेही.

जर्मनीने दुसरी वाट धरली: आधी भाषा, मग नोकरी. एकात्मता वर्ग सातशे तासांचा. त्यातले सहाशे तास भाषेचे आणि शंभर तास देशाचे कायदे, इतिहास व रीतिरिवाज यांचे. जून २०२२ पासून युक्रेनी लोकांना स्थानिक बेरोजगारांप्रमाणेच रोजगार कार्यालयाची मदत मिळू लागली. परिणामी सुरुवातीला पाचांत जेमतेम एकाला काम होते आणि ‘हे लोक बसून खातात’ अशी कुजबुज सुरू झाली. २०२३ च्या शरद ऋतूत सरकारने वर्ग संपताच काम देण्याची वेगवान मोहीम हाती घेतली. आकडे दरवर्षी चढत गेले, आता तेथेही तीनांत एकाहून अधिक जण कमावते आहेत.

कोणता देश बरोबर? खरे उत्तर दोघांच्या मधे आहे. पोट रिकामे ठेवून व्याकरण शिकता येत नाही आणि भाषेवाचून बढती मिळत नाही. म्हणून सकाळी काम, संध्याकाळी वर्ग आणि वर्गाचा काही वेळ पगारी धरलेला, अशी सांगड मालक आणि सरकार यांनी मिळून घालायला हवी. पदव्यांची पडताळणी महिनोन् महिने चालते, तोवर परिचारिकेला रुग्णालयातच सहायक म्हणून घ्यावे, म्हणजे तिचा हात सुटणार नाही. पोलंडने युक्रेनी शिक्षिकांना शाळांत सहायक नेमले, तेव्हा नव्या मुलांना स्वतःच्या भाषेत समजावणारे माणूस मिळाले आणि शिक्षिकेला तिचा वर्ग.

आणखी एक गोष्ट कागदावर लहान दिसते आणि प्रत्यक्षात सगळे अडवते. मूल सांभाळणार कोण? नवरा युद्धावर, आजी दूर, पाळणाघरात जागा नाही. अशा बाईला ‘काम का करत नाहीस’ असे विचारणे सोपे आहे. पोलंडने २०२५ मध्ये मुलांचा भत्ता पालकांच्या कामाशी जोडला. चेक प्रजासत्ताकाने पाच वर्षांचा नवा परवाना आणला, पण ठरावीक उत्पन्न दाखवणाऱ्यांसाठीच. स्वतःच्या पायावर उभे राहा, हे सांगणे रास्त आहे. मात्र पाळणाघराची जागा दिल्यावाचून ती अट घातली, तर ती एकट्या आईलाच सर्वांत जास्त जाचते.

‘तात्पुरते’ या शब्दानेही घोटाळा केला आहे. संरक्षणाची मुदत दर वेळी थोडी थोडी वाढत मार्च २०२७ पर्यंत आली. उद्याचा भरवसा नसलेल्याला घरमालक लांबचा करार देत नाही, मालक प्रशिक्षणावर खर्च करत नाही, आणि मुले सकाळी स्थानिक शाळा व संध्याकाळी ऑनलाइन युक्रेनी शाळा अशा दोन ओझ्यांखाली वाढतात. तात्पुरते किती लांबते, हे युक्रेनी समाजातील क्रिमियन तातार मुसलमानांना ठाऊक आहे. १९४४ मध्ये स्टालिनने त्यांना क्रिमियातून उचलून मध्य आशियात फेकले. मायभूमीत परतायला त्यांना चार दशकांहून अधिक काळ लागला. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि त्यांतल्या अनेकांना पुन्हा घर सोडावे लागले. परतण्याची आशा जपावी, पण तिच्या नावाखाली आजचे आयुष्य टांगून ठेवू नये.

पोलंडला विस्थापन नवे नाही, आणि कोल्हापूरलाही नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश माणसे, बहुतेक बायका आणि मुले, वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ पर्यंत राहिली. तेथे त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनेची जागा होती. त्यांना केवळ अन्न नव्हे, तर माणसासारखे जगणे मिळाले. म्हणूनच तेथे वाढलेली मुले म्हातारपणी ते गाव पाहायला परत आली.

एक प्रश्न उरतो, तो टाळून चालणार नाही. सीरिया आणि अफगाणिस्तानातून युरोपात आलेल्यांना कामाच्या परवान्यासाठी महिने मोजावे लागले, आणि कित्येक सीमेवरच अडले. तो फरक डोळ्यांत भरतो. पण त्यावरून युक्रेनी बाईच्या वाट्याचे कमी करणे हा न्याय नव्हे. तिच्या वाट्याला आले ते सर्वांना मिळावे, हा न्याय. आठ दिवसांत दार उघडता येते, हे २०२२ ने सिद्ध केले आहे. ‘शक्यच नाही’ असे यापुढे कोणाला म्हणता येणार नाही.

भुकेल्याला घास देणे हे पुण्य खरेच. पण घास देणारा हात कधीतरी थकतो, आणि घेणारा हात त्याआधीच संकोचतो. ज्याला स्वतःच्या हुन्नराचे काम, शेजाऱ्याशी बोलण्यापुरती भाषा आणि उद्याचा भरवसा मिळाला, त्याला पाहुणा म्हणण्याची वेळ संपते. तो शेजारी होतो, आणि शेजाऱ्याची अक्कल तिसऱ्या दिवशी कोणी काढत नाही.