विमान मालकाचे, दिवाळे जनतेचे

पुणे-नाशिक रस्त्यावरील कळंब हे आंबेगाव तालुक्यातील गाव. घोड नदीच्या खोऱ्यातील हा मुलूख उसाचा, कांद्याचा, बटाट्याचा. येथील माणसाचा प्रवास एसटीने होतो. मंचरचा बाजार, घोडेगावची कचेरी, पुण्याचे इस्पितळ, एवढा त्याचा पल्ला. विमान ही त्याच्या लेखी डोक्यावरून जाणारी वस्तू आहे. अशा गावातील कार्यकर्त्याने एखाद्या विमान कंपनीच्या दिवाळखोरीची चिकित्सा कशासाठी करावी, असे कुणीही विचारील. उत्तर सरळ आहे. कळंबचा माणूस त्या विमानात कधी बसला नसेल. पण त्याचा पैसा मात्र त्या विमानातून वर्षानुवर्षे हिंडत होता. राष्ट्रीयीकृत बँकांत त्याने ठेवलेल्या बचतीतूनच विमान कंपन्यांना हजारो कोटींची कर्जे गेली, आणि विमाने जमिनीवर आली तेव्हा बुडीत खात्याचा आकडा त्याच बँकांच्या वहीत उमटला. नफा झाला तर मालकाचा आणि तोटा झाला तर समाजाचा, हा या व्यवस्थेचा खरा कायदा होय. तो समजून घेण्यास जेट एअरवेजइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

मुंबईत मुख्यालय असलेल्या या कंपनीचे पहिले उड्डाण मे 1993 मध्ये झाले. 1953 च्या कायद्याने हवाई वाहतूक सार्वजनिक क्षेत्राकडे आली होती. तो कायदा 1994 मध्ये रद्द झाला आणि आकाश खासगी भांडवलास मोकळे झाले. नरेश गोयल यांची जेट ही त्या उदार धोरणाची लाडकी कन्या. सरकारी विमानसेवा ढिसाळ, खासगी सेवा तत्पर, असे गोडवे त्या काळी वर्तमानपत्रांतून रोज गायिले जात. पंचवीस वर्षे उलटली आणि 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईस आलेले विमान हे जेटचे शेवटचे विमान ठरले. सुमारे 120 विमानांचा ताफा असलेली कंपनी काही महिन्यांत रिकामी झाली. वैमानिक, अभियंते आणि वरिष्ठ कर्मचारी यांचे पगार त्या वर्षाच्या आरंभापासूनच थकले होते. पुढे सर्वांचेच थकले. हजारो कुटुंबे एका रात्रीत उघड्यावर पडली.

हे का घडले? कंपन्यांचे वकील तीन कारणे सांगतात: इंधन महाग, रुपया स्वस्त आणि कर जाचक. ही कारणे खोटी नाहीत. विमान कंपनीच्या खर्चाचा तीस ते चाळीस टक्के भाग इंधनावर जातो. विमानांचे भाडे आणि सुट्या भागांची किंमत डॉलरमध्ये चुकवावी लागते, तिकिटाचे पैसे मात्र रुपयांत येतात. 2018 मध्ये खनिज तेल चढले आणि डॉलरचा भाव सत्तर रुपयांच्या पार गेला, तेव्हा हा फास आवळला गेला. शिवाय विमानातील आसन हा भाजीसारखा नाशवंत माल आहे. दार बंद झाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते. म्हणून प्रत्येक कंपनी खर्चाखालच्या दराने तिकिटे विकते आणि दुसरी आधी मरेल या आशेवर जगते.

परंतु तेल सर्वांनाच महाग होते आणि डॉलरही सर्वांनाच महाग होता. मग जेटच का बुडाली? येथे तेलाचे कारण संपते आणि मालकीचे कारण सुरू होते. 2007 मध्ये जेटने एअर सहारा ही स्वतःच आजारी असलेली कंपनी 1,450 कोटी रुपयांना विकत घेतली. प्रतिस्पर्ध्याला बाजारातून उठवावे आणि मग भाडी मनाजोगी ठरवावीत, हा त्यामागील हिशेब. मक्तेदारी हाती आली नाही. उरला तो कर्जाचा बोजा. ऑक्टोबर 2008 मध्ये सुमारे 1,900 कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याचा घाट घातला गेला. देशभर गदारोळ उठल्यावर त्यांना परत घ्यावे लागले. 2013 मध्ये अबुधाबीच्या एतिहाद कंपनीला 24 टक्के हिस्सा देऊन नवा पैसा आणला गेला, पण सूत्रे जुन्याच हातात राहिली. ती सोडण्यास मालक तयार झाले ते मार्च 2019 मध्ये, म्हणजे पगार थांबल्यावर आणि विमाने एकेक करून उभी राहिल्यावर. 2023 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने गोयल यांना बँक-कर्जाच्या प्रकरणात अटक केली. त्या आरोपांचा निवाडा न्यायालय करील. मात्र एका माणसाच्या मुठीत हजारोंचे पोट ठेवणाऱ्या व्यवस्थेचा निवाडा करण्यास न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता कर्ज देणाऱ्यांकडे वळावे. कळंबच्या शेतकऱ्याला विकास सोसायटीतून पीककर्ज हवे असेल तर सातबाऱ्यावर बोजा चढतो. हप्ता थकला की नोटीस घरी येते आणि पुढच्या हंगामाचे कर्ज अडते. त्याचे तारण म्हणजे त्याची जमीन, आणि ती कुठे पळून जात नाही. विमान कंपनीचे तारण कोणते? विमाने बहुतांशी भाड्याची, कचेऱ्या भाड्याच्या. 2012 मध्ये बंद पडलेल्या किंगफिशरच्या बाबतीत बँकांनी कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह हेच तारण म्हणून स्वीकारले होते! एप्रिल 2016 मध्ये त्या नावाचा लिलाव 366 कोटी रुपयांच्या राखीव किमतीवर पुकारला गेला, तेव्हा एकही बोली आली नाही. विजय मल्ल्या त्याच्या आधीच, मार्चमध्ये, देशाबाहेर गेले होते. शेतकऱ्याकडून जमीन आणि भांडवलदाराकडून नाव, असा दुहेरी तराजू धरणाऱ्या बँका 1969 मध्ये राष्ट्रीयीकृत झाल्या त्या याचसाठी काय?

यावर असे म्हटले जाते की, 2016 च्या दिवाळखोरी संहितेने हे सारे बदलले. आता आजारी कंपनी वेळीच सावरते अथवा शिस्तीने मिटते. जेटचे काय झाले ते पाहावे. जून 2019 मध्ये प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे आले. जालान-कालरॉक गटाच्या योजनेस जून 2021 मध्ये मान्यता मिळाली. कंपनी पुन्हा उडणार, अशा बातम्या झळकल्या. पैसा भरण्याची वेळ आली तेव्हा मुदतवाढ, अपील आणि पुन्हा मुदतवाढ असा खेळ चालला. अखेर 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला. तोवर साडेपाच वर्षे गेली होती. कर्मचाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधी व उपदान पूर्ण मिळावे, हा निकालदेखील त्यांच्या संघटनांना अपील न्यायाधिकरणात 2022 मध्ये लढून मिळवावा लागला.

संहितेच्या कलम 53 मध्ये वाटपाची उतरंड आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च, म्हणजे वकील आणि व्यावसायिक. मग कामगारांची 24 महिन्यांची थकबाकी, तारणधारक बँकांच्या बरोबरीने. 'कामगार' या व्याख्येत न बसणारा पगारदार त्याच्याही खालच्या पायरीवर, तोही 12 महिन्यांपुरता. उलट विमाने भाड्याने देणाऱ्या परदेशी कंपन्यांकडे पाहावे. मे 2023 मध्ये मुंबईच्याच वाडिया समूहाची गो फर्स्ट बंद पडली आणि या कंपन्यांची विमाने अडकली. त्यांनी आवाज उठवताच ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून विमानांना स्थगितीतून वगळले. 2025 मध्ये त्यांच्या हितासाठी संसदेने स्वतंत्र कायदाच केला. विमानाचा मालक अडचणीत येताच सरकार धावले. विमान चालवणारा, दुरुस्त करणारा, झाडणारा अडचणीत आला तेव्हा त्याला रांगेत उभे राहा असे सांगण्यात आले. वर्गीय पक्षपात याहून निराळा तो काय असतो?

मग अडचणीतील विमान कंपनी वाचूच शकत नाही काय? वाचू शकते, पण उडत असेतोवर. साखर कारखाना एक हंगाम बंद राहिला तरी यंत्रे जागेवर असतात. विमान कंपनीचे तसे नाही. तिची खरी मालमत्ता म्हणजे उड्डाणांच्या ठरलेल्या वेळा, परवाना, प्रशिक्षित माणसे आणि प्रवाशाचा विश्वास. या चारही गोष्टी विमान थांबताच दुसरीकडे निघून जातात. म्हणून जेट वाचवण्याचा क्षण होता तो मार्च-एप्रिल 2019 चा. त्या वेळी स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांनी कर्जाचे भागभांडवलात रूपांतर करून बहुसंख्य मालकी घेण्याचे ठरवले होते आणि 1,500 कोटींचे तातडीचे साहाय्य जाहीर केले होते. म्हणजे कंपनी सार्वजनिक मालकीच्या उंबरठ्यावर आली होती. परंतु ते पैसे पूर्णपणे कधीच आले नाहीत आणि शेवटच्या 400 कोटींची मागणीही फेटाळली गेली. मालकाला सुबत्तेच्या काळात हजारो कोटी देताना ज्यांचा हात थरथरला नाही, त्यांचा हात कामगारांची कंपनी जगवताना मात्र गळाला. बँकांना मालकी चालत होती, पण जबाबदारी नको होती.

येथे विरोधक एअर इंडियाचे नाव पुढे करतील, आणि त्या नावापासून पळ काढणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. सार्वजनिक मालकीतही दिवाळे निघते, हे खरे आहे. पण ते कुणी काढले? कुवतीबाहेरची 111 विमानांची मागणी मंत्रालयाच्या आशीर्वादाने नोंदवली गेली. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण कर्मचाऱ्यांना विश्वासात न घेता लादले गेले. आखातातील कंपन्यांना उड्डाणांचे हक्क सढळ हाताने वाटले गेले. या निर्णयांत कामगाराचा हात कुठे होता? जानेवारी 2022 मध्ये कंपनी टाटा समूहाकडे गेली ती 18,000 कोटींच्या बोलीवर, आणि त्यांपैकी रोख फक्त 2,700 कोटी. 46,262 कोटींचे कर्ज सरकारी कंपनीच्या गळ्यात राहिले. येथेही विमाने मालकाला आणि देणी जनतेला! मंत्री आणि नोकरशहा यांच्या हाती दिलेली मालकी ही सामाजिक मालकी नव्हे, एवढाच धडा यातून निघतो. तो सार्वजनिक क्षेत्राविरुद्धचा धडा नव्हे. त्याच्या लोकशाहीकरणाचा आहे.

आणि बाजाराला मोकळे सोडल्यावर हाती काय आले? देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक एकट्या इंडिगोकडे गेले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. तरीही डिसेंबर 2025 मध्ये ते पाळण्याची तयारी नसल्याने या कंपनीने हजारो उड्डाणे रद्द केली, आणि सरकारने कंपनीला त्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. स्पर्धेचा अंत मक्तेदारीत होतो आणि मक्तेदारीपुढे सरकार झुकते, हे जुने सूत्र पुन्हा सिद्ध झाले.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. दिवाळखोरीच्या वाटपात श्रमाची थकबाकी, मग पगारदार कोणत्याही व्याख्येतला असो, सर्वांच्या आधी चुकती व्हावी. पगार एक महिना थकताच हिशेबाच्या वह्या कामगार प्रतिनिधींपुढे उघडल्या जाव्यात. सार्वजनिक बँकेने मोठे कर्ज दिले तेथे संचालक मंडळावर कामगार आणि ठेवीदार यांचे प्रतिनिधी बसावेत. आणि कर्जाच्या बदल्यात मालकी आली तर ती चालवण्याची तयारीही बँकांनी ठेवावी.

या मागण्या मुंबईच्या विमानतळापुरत्या नाहीत. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी सोडणारी एसटी आज 'तोट्यातली' म्हणून हिणवली जाते. तिच्या गरीब प्रवाशाच्या तिकिटातून राज्य सरकार वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के कर उचलत आले. त्याच सरकारने 2023 मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडात विमानाच्या इंधनावरील कर पंचवीस टक्क्यांवरून अठरावर आणला. 2021-22 च्या संपात एसटी कर्मचारी महिनोन्‌महिने उन्हातान्हात बसले, तेव्हा तिजोरीत खडखडाट असल्याचे त्यांना ऐकवले गेले. कळंबच्या थांब्यावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला हा हिशेब उलगडून सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. डोक्यावरून गेलेल्या विमानाचे भाडे त्यानेही भरले आहे, हे त्याला एकदा उमगले की खालच्या रस्त्यावरील गाडी कुणाची, हा प्रश्न तो स्वतःच विचारील.