शब्बाथ : शनिवारी की रविवारी?

(बी. ए. अंतिम वर्ष)

आठवड्यातला पवित्र दिवस कोणता, हा प्रश्न आपल्या महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थ्यांना पडण्याचे कारण नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रविवार तांबड्या अक्षरांत छापलेला असतो, त्या दिवशी महाविद्यालय बंद असते, आणि तेवढ्यावर आपला व रविवारचा संबंध संपतो. परंतु ख्रिस्ती समाजात याच प्रश्नावरून मंडळ्या वेगळ्या झाल्या आहेत, सोयरिकी अडल्या आहेत आणि काहींच्या नोकऱ्याही गेल्या आहेत. माझे घर पिंपळगाव राजाचे आणि ख्रिस्ती. आम्ही रविवार पाळणारे. माझी एक मावशी लग्नानंतर शनिवार पाळणाऱ्या घरात गेली. त्यामुळे हा वाद मी ग्रंथालयात वाचण्याआधी जेवणाच्या पंगतीत ऐकला. दोन्ही बाजूंचे म्हणणे काय आहे आणि मला स्वतःला काय वाटते, ते वाचकमित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम शब्द पाहू. 'शब्बाथ' हा हिब्रू शब्द 'थांबणे' या अर्थाच्या धातूवरून आला. देवाने मोशेला दिलेल्या दहा आज्ञांत सहा दिवस काम करून सातवा दिवस विसाव्याचा म्हणून पवित्र पाळावा, अशी एक आज्ञा आहे. प्रॉटेस्टंट मंडळी तिला चौथी आज्ञा म्हणतात, कॅथलिक तिसरी. हा सातवा दिवस म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा काळ. याविषयी खरे म्हणजे वाद असण्याचे कारण नाही. यहुदी लोक तो आजतागायत पाळत आले आहेत. स्पॅनिश भाषेत शनिवारला 'साबादो' म्हणतात, रशियनमध्ये 'सुब्बोता', अरबीत 'सब्त'. ज्या भाषांच्या लोकांनी पुढे रविवार धरला, त्यांच्याही तोंडी शब्बाथ शनिवारीच राहिला. कोणी म्हणतात, मध्यंतरी पंचांग बदलले, मग वार तरी तेच कशावरून? तर १५८२ साली पोप ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले तेव्हा दहा तारखा गाळल्या, पण गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबरच आला. तारखा तुटल्या, वारांची साखळी तुटली नाही.

महाराष्ट्राला शनिवारचा हा विसावा नवा नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कोकणात अलिबागच्या परिसरात बेने इस्राएल समाजाची शेकडो वर्षे वस्ती होती. गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरागत समजूत. ते मराठी बोलत, तेलाचा घाणा चालवीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. धर्मग्रंथ जवळ नव्हते, हिब्रू बहुतेक विसरले होते, तरी सातव्या दिवशी थांबायचे तेवढे विसरले नाहीत. १९४८ नंतर त्यांच्यातील पुष्कळ जण इस्राएलला गेले. पण एका दिवसाच्या विसाव्यावरून अख्ख्या समाजाला नाव पडावे, असे उदाहरण मराठी मुलखात दुसरे मला ठाऊक नाही.

मग ख्रिस्ती लोकांनी रविवार कोठून आणला? येशू स्वतः यहुदी होता व शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात जात असे. परंतु तो मरणातून उठला तो आठवड्याच्या पहिल्या दिवशी, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्रोवस येथील शिष्य पहिल्या दिवशी भाकर मोडण्यास जमल्याचा उल्लेख आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला त्याच दिवशी वर्गणी बाजूला काढून ठेवण्यास सांगितले. इ. स. १५० च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या लेखकाने ख्रिस्ती लोक सूर्याच्या वारी एकत्र जमतात, असे लिहून ठेवले. तेव्हा रविवारची उपासना हा पुढच्या काळातल्या कोणा पोपाचा किंवा बादशहाचा शोध आहे, हे शनिवारवाल्यांचे आवडते विधान टिकत नाही.

मात्र रविवारवाल्यांचेही एक आवडते विधान आहे, आणि तेही टिकत नाही. ते म्हणतात, शब्बाथ शनिवारवरून रविवारवर नेण्यात आला. पण नव्या करारात असे कोठेही सांगितलेले नाही. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती रविवारी जमत, पण त्या दिवशी सुट्टी घेत नसत. त्यांच्यातील पुष्कळ जण गुलाम होते, त्यांना सुट्टी देणार कोण? रविवारी काम बंद ठेवण्याचा हुकूम रोमन बादशहा कॉन्स्टंटाईनने ७ मार्च ३२१ रोजी काढला. न्यायालये व शहरांतील धंदे त्या दिवशी बंद राहावेत, असे त्यात होते. शेतकऱ्यांना मात्र वगळले होते, कारण पेरणीचा वा द्राक्षवेलींचा हंगाम वारासाठी थांबत नाही. विसाव्याच्या पहिल्या सरकारी हुकुमातच शेतीला विसावा नव्हता, ही गोष्ट आपण वऱ्हाडातल्या मुलांनी लक्षात ठेवावी. त्याच शतकात लावदिकिया येथील धर्मसभेने ख्रिस्ती लोकांनी शनिवारी काम बंद ठेवू नये, असा नियम केला. ज्या अर्थी मनाई करावी लागली, त्या अर्थी लोक शनिवारही पाळीत होते. इथिओपियाची प्राचीन मंडळी तर आजही दोन्ही दिवसांचा मान राखते.

पुढे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये शनिवार पाळणारे बाप्टिस्ट निघाले. त्यांच्यापासून अमेरिकेत हे मत पसरले आणि १८६३ मध्ये सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीची रीतसर स्थापना झाली. महाराष्ट्रात तिचे ठळक ठिकाण म्हणजे पुण्याचे स्पायसर महाविद्यालय, ज्याला २०१४ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आमच्या वऱ्हाडात अकोला, खामगाव या भागांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ज्या अमेरिकन मिशनने काम केले, ते ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स रविवारचे. म्हणजे कोणाच्या आजोबांना कोणत्या मिशनचा साहेब भेटला, यावरही नातवाचा पवित्र दिवस पुष्कळदा ठरला आहे. एवढे मान्य केले तरी वादातला अर्धा ताप उतरावा.

माझे मावसे एक मुद्दा नेहमी काढतात. रविवार हा सूर्यपूजकांचा वार, तो ख्रिस्ती माणसाने का धरावा? यावर माझे उत्तर असे की, मग शनिवार तरी कोणाचा? तो शनीचा. सातही वारांना ग्रहांची नावे आहेत व ती ग्रीक-रोमन ज्योतिषातून आपल्याकडे आली. भारतात वाराचा सर्वांत जुना कोरीव उल्लेख मध्य प्रदेशातील एरण येथील इ. स. ४८४ च्या गुप्तकालीन लेखात सापडतो, आणि तो वार आहे गुरुवार. नावावरून वार बाद करायचे ठरवले तर आठवड्यात एकही दिवस शिल्लक राहणार नाही.

आता आपण सर्वच जातिधर्मांचे लोक जो रविवार उपभोगतो, त्याच्याकडे वळू. तो आपल्याला चर्चने दिला असे समजणे चूक आहे. साहेबाच्या कचेऱ्या रविवारी बंद असत, पण मुंबईच्या गिरणीतला मजूर आठवड्याचे सातही दिवस राबे. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले, त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, दोन स्त्री कामगारही तीत बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मागणी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगारांना तो हवा, असाही युक्तिवाद लोखंड्यांनी केल्याचे सांगतात. मला यात मोठे शहाणपण दिसते. वार कोणत्या देवाचा यापेक्षा थकलेल्या माणसाला तो मिळतो की नाही, याकडे त्यांचे लक्ष होते.

आणि येथेच मला या वादातला खरा मुद्दा सापडतो. विसाव्याची आज्ञा बायबलात दोनदा आली आहे. निर्गम या पुस्तकात तिचे कारण दिले आहे की, देवाने सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद या पुस्तकात मात्र कारण वेगळे आहे : तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता, याची आठवण ठेवा. म्हणून मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि दाराशी आलेला परका, या सर्वांना तुमच्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे. दिवस कोणता यावर आम्ही पिढ्यान् पिढ्या भांडलो, पण ही यादी मोठ्याने वाचताना मी कोणाला ऐकले नाही.

आमच्या भागात शेतमजुराचा आठवडा रविवारवर मोजला जात नाही, तो बाजारावर मोजला जातो. बाजाराच्या दिवशी हिशेब, चुकारा, मीठमिरची, आणि जमले तर थोडा आराम. बैलाला पोळ्याच्या दिवशी तरी मान मिळतो, खांदे शेकले जातात, जूं उतरते. १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्यातील कामगाराला आठवड्याचा पहिला दिवस सुट्टीचा दिला व जरूर तर बदली दिवसाची सोयही ठेवली. कपाशी वेचणाऱ्या बाईला मात्र असा कोणताही वार नाही. प्रार्थनेहून परतताना ती बाई वावरात दिसते, आणि वावर कधी कधी आमच्याच एखाद्या मंडळीच्या माणसाचे असते.

घरातली गोष्टही सांगितली पाहिजे. आमच्या घरी रविवार म्हणजे उपासनेनंतर पाहुणे, आणि आई चुलीपुढे इतर दिवसांपेक्षा दुप्पट वेळ. मावशीकडे शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वीच स्वयंपाक, झाडलोट, धुणे आटोपलेले असते. शनिवारी ती खरोखर बसलेली दिसते. वादात मी रविवारच्या बाजूचा असलो, तरी विसावा पाहायचा असेल तर मी मावशीच्या घराकडे बोट दाखवीन.

दुसरा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांचा. माझ्या ओळखीच्या एका शनिवार पाळणाऱ्या विद्यार्थ्याचा पेपर शनिवारी आला. त्याने अर्ज केला, उत्तर मिळाले नाही, तो पेपरला बसला नाही आणि त्याचे वर्ष गेले. त्यावर आमच्यातलेच काही लोक हसले. पण स्पर्धा परीक्षा पुष्कळदा रविवारी असतात, तेव्हा आम्ही रविवारवाले उपासना सोडून निमूटपणे केंद्रावर जातो, हे हसणाऱ्यांनी सोयीस्करपणे विसरावे काय? आपली श्रद्धा आपल्याला महाग पडत नाही, एवढ्याने दुसऱ्याची श्रद्धा हट्ट ठरत नाही. अमेरिकेत एका कापड गिरणीतील अ‍ॅडव्हेंटिस्ट स्त्रीने शनिवारी काम नाकारले, तिची नोकरी गेली व बेकारभत्ताही नाकारला गेला. १९६३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. पोट आणि श्रद्धा यांतून एकाची निवड करण्याची सक्ती सरकारने करू नये, असा त्याचा मथितार्थ. आपल्या राज्यघटनेचे पंचविसावे कलमही धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते. पर्यायी दिवशी एक पेपर घेणे विद्यापीठाला अवघड असेल, अशक्य नाही.

यावर कोणी विचारील, मग वाराला काहीच अर्थ नाही का? अर्थ आहे. सर्वांनी मिळून थांबायचे तर एक दिवस ठरलेला असावा लागतो, नाहीतर प्रत्येकाचा विसावा 'पुढच्या आठवड्यात' जातो. पण ठरलेला दिवस परिस्थितीप्रमाणे वाकतोही. आखाती देशांत जेथे शुक्रवारी सुट्टी असते, तेथे नोकरीला गेलेले आपले गोवेकर व वसईकर कॅथलिक शुक्रवारी मिस्साला जात आले आहेत. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी केली, तेथे रविवार पुन्हा सोपा झाला. शुक्रवारी प्रार्थना केली म्हणून ती माणसे ख्रिस्ती राहिली नाहीत, असे म्हणण्यास कोणी धजत नाही.

सारांश, माझे मत असे आहे. शब्बाथ शनिवारी आहे, हे रविवारवाल्यांनी मोकळेपणी कबूल करावे. रविवार हा ख्रिस्ती मंडळीचा फार जुना उपासनेचा दिवस आहे, हे शनिवारवाल्यांनी तितक्याच मोकळेपणी मान्य करावे. रोमच्या मंडळीतही दिवसांवरून असेच मतभेद होते, तेव्हा पौलाने प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी व दुसऱ्याला दोष देऊ नये, असाच सल्ला दिला. मी स्वतः रविवारच पाळीन, कारण माझी मंडळी त्या दिवशी जमते. परंतु यापुढे कोणी मला 'तुमचा शब्बाथ कोणता?' असे विचारले, तर मी त्याला उलट विचारणार आहे : त्या दिवशी तुमच्या घरात भांडी कोण घासते, तुमच्या वावरात कोण राबते, आणि त्यांचा शब्बाथ कोणता? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याने शनिवार धरला काय आणि रविवार धरला काय, आज्ञा त्याने पाळली असे मी समजेन.