न उतरणारा ताप आणि हृदयाची झडप

पेढीवर बसणाऱ्या माणसाला बारीक ताप हे आजारपण वाटतच नाही. संध्याकाळी अंग कोमट लागते, रात्री घाम येतो, सकाळी तो पुन्हा गादीवर हजर असतो. औषधांच्या दुकानातून तीन दिवसांच्या गोळ्या येतात, ताप उतरतो आणि आठवड्याने परततो. भूक मंदावते, वजन घटते, जिना चढताना धाप लागते. बहुतेकांच्या बाबतीत अशा तापाचे कारण निराळे निघते. परंतु ज्याच्या झडपेत आधीपासून दोष आहे किंवा ज्याला कृत्रिम झडप बसवलेली आहे, त्याच्याबाबत हृदयाच्या जंतुसंसर्गाची शंका आरंभीच घ्यावी लागते.

हृदयाचे बाह्य आवरण, स्नायू आणि आतले अस्तर या तिन्हींना संसर्ग होऊ शकतो. आवरणाला सूज आली की छातीत तीव्र दुखते. आडवे पडल्यावर ते वाढते आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होते. आपल्या देशात क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. स्नायूंचा दाह बहुधा विषाणूंमुळे होतो. अस्तराचा, विशेषतः झडपांचा संसर्ग म्हणजे एन्डोकार्डायटिस. तिघांत सर्वांत फसवा हाच.

तोंडात, त्वचेवर आणि आतड्यांत जंतू नेहमीच असतात. हिरड्यांतून रक्त आले तरी त्यांतील काही रक्तात उतरतात आणि निरोगी शरीर त्यांचा निकाल लावते. खडबडीत झालेल्या झडपेवर मात्र त्यांना आसरा मिळतो. तेथे रक्तकणिका, तंतू आणि जंतू यांचे पुंजके वाढतात. झडपेला रक्तवाहिन्यांचा पुरवठा अल्प असल्याने शरीराच्या संरक्षक पेशी तेथवर नीट पोहोचत नाहीत. पुंजक्याचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर पक्षाघात होतो. झडप फाटली तर हृदय थकते.

विख्यात संगीतकार गुस्ताव माहलर यांच्या झडपेतील दोष 1907 मध्ये ध्यानात आला होता. फेब्रुवारी 1911 मध्ये न्यूयॉर्क येथे अंगात ताप असतानाच त्यांनी अखेरच्या मैफलीचे संचालन केले. रक्ताच्या तपासणीत स्ट्रेप्टोकोकस जंतू सापडले. निदान अचूक होते, औषध नव्हते. 18 मे रोजी व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे 50 होते. पेनिसिलीन उपचारात येण्यास आणखी तीसएक वर्षे लागली.

आज औषध आहे, आणि निदान बिघडते ते बव्हंशी घाईमुळे. जंतू ओळखण्यासाठी प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, वेगवेगळ्या वेळी, बहुधा तीनदा रक्त घेऊन ब्लड कल्चर करतात. आधीच गोळ्या घेतल्या असतील तर जंतू वाढत नाहीत आणि अहवाल कोरा येतो. रोग मात्र आत तसाच राहतो. पैशापैशाची नोंद ठेवणाऱ्या घरात तापाची वही नसते, हेही नवलच! कोणत्या दिवशी, किती वाजता, किती ताप आणि कोणती गोळी, एवढे कागदावर असले तरी डॉक्टरांचे काम पुष्कळ सुकर होते. त्याच्या जोडीला इकोकार्डिओग्राफी. छातीवरून नीट दिसले नाही तर अन्ननलिकेत नळी घालून.

उपचार लांबतो. प्रतिजैविक शिरेतून, सामान्यतः चार ते सहा आठवडे द्यावे लागते. पहिल्या आठवड्यात ताप गेला की रुग्णाला दुकान आठवते, ऐन सणाचा हंगाम असेल तर विचारूच नये. परंतु पुंजक्याच्या आत दडलेले जंतू ताप गेल्यानंतरही जिवंत असतात, म्हणूनच हा काळ एवढा मोठा ठरवला आहे. पेनिसिलीनच्या मात्रा कित्येकदा दर चार तासांनी, मध्यरात्रीही असतात. चौविहार पाळणाऱ्या घरांत यावर चर्चा होतेच. व्रताचा प्रश्न महाराजसाहेबांना विचारावा, मात्रेचा डॉक्टरांना. झडप फारच खराब झाली, वा संसर्ग आटोक्यात येईना, तर शस्त्रक्रिया करावी लागते.

कृत्रिम झडप असलेल्या किंवा पूर्वी हा आजार होऊन गेलेल्या माणसाने दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला तसे सांगितलेच पाहिजे. त्याला आधी प्रतिजैविकाची एक मात्रा देतात. पूर्वी ही मात्रा अनेकांना दिली जाई. 2007 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ती अतिजोखमीच्या रुग्णांपुरती मर्यादित केली, आणि रोजच्या दंतस्वच्छतेला अधिक महत्त्व दिले.

आपल्याकडे झडपा बिघडण्याचे मोठे कारण बालपणीच असते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकसने दुखतो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात, आणि त्या संधिवाताच्या तापात झडपेवर कायमचा व्रण राहतो. अशा मुलाला साधारणतः दर 21 दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन अनेक वर्षे द्यावे लागते. मूल खेळते-बागडते दिसू लागले की घरच्यांना त्याची निकड वाटेनाशी होते आणि परीक्षा, लग्नसराई, यात्रा यांत पहिली तारीख चुकते.