दावणीचा म्हातारा बैल आणि आकाशातले मिग



ओझर, निफाड, पिंपळगाव या बाजूच्या वाचकांना विमानाचा आवाज नवा नाही. द्राक्षबागेत काम चालू असते, डोक्यावरून कडकडाट निघून जातो, माणसे क्षणभर वर बघतात आणि पुन्हा हात चालू करतात. तिथल्याच ओझरच्या कारखान्यात मिग-२१ ही लढाऊ विमाने वर्षानुवर्षे तयार झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला समारंभ झाला आणि या विमानाला हवाई दलाने कायमचा निरोप दिला.

शेतकऱ्याच्या साप्ताहिकात विमानांचे काय काम, असे कोणी म्हणेल. काम आहे. विमानाचा पैसा आपल्या सर्वांच्या करातून जातो. ते चालवायला आपल्यासारख्याच घरांतली पोरे बसतात. आणि ते पडते तेव्हा कधी कोणाच्या शेतात पडते, तर कधी कोणाच्या घरावर.

मिग-२१ रशियाकडून आले १९६३ साली. आवाजाहून वेगाने जाणारे आपले हे पहिले लढाऊ विमान. पुढे सहाशेहून अधिक विमाने आपल्याच देशात बांधली गेली. १९७१ च्या लढाईत १४ डिसेंबरला याच मिगनी ढाक्याच्या गव्हर्नरच्या वाड्यावर हल्ला केला आणि गव्हर्नरने राजीनामा दिला. दोनच दिवसांनी शत्रूने शरणागती पत्करली. तेव्हा या विमानाने देशाची चाकरी इमानाने केली, यात शंका नाही. पण बैल कितीही गुणी असला तरी त्याचे वय होतेच. गुणी आहे म्हणून त्याला मरेपर्यंत जुवाखाली ठेवणे हा काही त्याचा सन्मान नव्हे.

मिग-२१ ला एकच इंजिन. ते हवेत बंद पडले तर दुसऱ्याचा आधार नाही. उतरतानाचा वेगही ताशी तीनशे किलोमीटरच्या वर, म्हणजे चुकीला जागा कमी. त्यातून नव्या वैमानिकांना शिकवायला मधल्या पायरीचे वेगवान विमानच आपल्याकडे नव्हते. हळू चालणाऱ्या शिकाऊ विमानावरून पोरे थेट मिगवर बसत. तसे विमान घ्यावे, ही शिफारस १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच झाली होती. हॉक विमानांचा करार झाला २००४ साली. मंडळी, मधली वीस वर्षे मोजा.

२०१२ साली सरकारने संसदेत आकडे दिले. १९७१ पासून मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात झाले होते. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मरण पावले. सगळेच अपघात विमान जुने म्हणून झाले, असे नाही. कधी माणसाची चूक, कधी यंत्राचा दोष. पण त्यानंतरही मिग-२१ उडतच राहिले. ८ मे २०२३ रोजी राजस्थानात हनुमानगड जिल्ह्यातल्या बहलोलनगर गावी एक मिग-२१ घरावर कोसळले. वैमानिक छत्रीने उतरून वाचला. घरातल्या तीन बाया गेल्या. सकाळच्या कामात असलेल्या त्या बायांचा विमानखरेदीच्या फायलींशी काय संबंध होता?

मग नवी विमाने वेळेवर का आली नाहीत? पैसा नव्हता, एवढेच उत्तर पुरेसे नाही. मिगच्या जागी आपले स्वतःचे हलके विमान करायचे, हे १९८३ सालीच ठरले होते. ते पहिल्यांदा उडाले ४ जानेवारी २००१ रोजी. त्याला तेजस हे नाव मिळाले २००३ साली आणि पहिली तुकडी उभी राहिली १ जुलै २०१६ ला. ठरल्यापासून तेहेतीस वर्षे! तेव्हा जन्मलेले पोर तोवर स्वतःची पोरे शाळेत घालू लागले.

दुसरी वाट बाहेरून विकत घेण्याची. २००७ साली १२६ विमानांसाठी निविदा निघाली. रशिया, अमेरिका, फ्रान्स, स्वीडन आणि युरोपातल्या देशांची मिळून सहा जातींची विमाने पुढे आली. हवाई दलाने पारख चोख केली. बंगळूरच्या हवेत, जैसलमेरच्या वाळवंटात, लेहच्या उंचीवर विमाने उडवून पाहिली. आपणही बैल बाजारात नुसता बघून घेत नाही. जुंपून, चालवून बघतो. २०१२ च्या जानेवारीत फ्रान्सचे राफेल स्वस्त ठरले. १८ विमाने तयार घ्यायची, १०८ इथे बांधायची. पण इथे बांधलेल्या विमानांची हमी कोणी द्यायची आणि किंमत किती, यावर घोडे अडले. २०१५ साली तो व्यवहारच मागे पडला. त्याऐवजी ३६ राफेल तयार घ्यायचे ठरले. त्यावर मोठा वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये करार झाला तो सुमारे ५९ हजार कोटी रुपयांचा. पहिली पाच राफेल अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२० रोजी. म्हणजे निविदा निघाल्यापासून तेरा वर्षांनी, आणि मागितली होती १२६, मिळाली ३६.

विमानाची निवड सोपी नसते, हे मान्य करायला हवे. नुसती किंमत पाहून चालत नाही. ट्रॅक्टर घेताना आपण विचारतो, सुटे भाग तालुक्याला मिळतात का? फिटर जवळ आहे का? डिझेल किती खातो? विमानाचेही तसेच. ते तीस-चाळीस वर्षे सांभाळायचे असते. विकणाऱ्या देशाशी उद्या बिनसले तर सुटे भाग कोण देणार, हाही प्रश्न असतो. आपल्या तेजसचे इंजिन अमेरिकेचे. २०२१ साली ८३ सुधारित तेजसची मागणी नोंदली गेली; ती २०२४ पासून मिळायची होती. पण त्यासाठीच्या ९९ इंजिनांपैकी पहिले इंजिन आले मार्च २०२५ मध्ये. जू आपले, पण बैल शेजाऱ्याचा, अशी ही गत. म्हणून घरचे विमान हवे, आणि हळूहळू घरचे इंजिनही हवे.

हवाई दलाला मंजुरी आहे ४२ तुकड्यांची. मिग-२१ गेल्यावर उरल्या २९. दावणीच्या जागा रिकाम्या झाल्या आणि त्या भरणारी खोंडे अजून मोठी व्हायची आहेत. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच नाशिकच्या कारखान्यात बांधलेले सुधारित तेजस प्रथमच आकाशात गेले. त्याच्या आधी महिनाभरातच आणखी ९७ तेजसची मागणी नोंदवली गेली. मिग बांधणाऱ्या हातांच्या गावातच त्याचा वारस घडतो आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र आनंदात हिशेब विसरू नये.

हिशेब असा, की खरेदीत घाई करणारा फसतो, हे आपण सगळे जाणतो. पण चालढकल करणाराही फसतो, आणि त्याचा तोटा वहीत कुठे दिसत नाही. घरात नव्या बैलाची चर्चा चालू असते तोवर औत थांबत नाही. म्हाताराच जुंपला जातो. शहाणा शेतकरी जुना बैल चालता असतानाच खोंड तयार करतो. देशानेही तेच करायला हवे. आज नवे असलेले सुखोई आणि राफेलही एक दिवस म्हातारे होतील. त्यांच्या जागी काय, हे ठरवायची वेळ तेव्हाची नव्हे, आताची आहे.

तेव्हा मंडळी, मते मागायला कोणी दारी आले आणि विमानांच्या गोष्टी सांगू लागले, तर टाळ्या जरूर वाजवा. पण एवढे विचारा: ठरले केव्हा, आणि येणार केव्हा? या दोन तारखांमध्ये जे अंतर असते, ते कोणाचे तरी पोर आणि कोणाचे तरी घर भरून काढत असते.

बरे, येतो. पुन्हा भेटू.