नऊ किलो गेले, पण उठता येईना

मी इंदूरच्या लोकमान्य नगरातला, बँकेतून रिटायर झालेला, वय 74.

दोन वर्षांपूर्वी वजन होतं 88. गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून सांगितलं. रात्रीचं जेवण सोडलं, सोमवार-शनिवार उपवास धरले. (सराफ्यातली साबूदाणा खिचडी खाऊन करतात तो उपवास नव्हे, खरा.) आठ महिन्यांत 79 वर आलो. जो भेटेल तो म्हणे, वा काका, काय मेंटेन केलंय!

जिना सोपा झाला, खोटं कशाला बोलू. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी कमी होतो. म्हणून 'म्हातारपणी अंगावर थोडं असावं' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण त्या गणपतीत आरतीनंतर सतरंजीवर बसलो आणि उठताच येईना. दोन पोरांनी काखेत हात घालून उभं केलं. बायकांसमोर. घरी येऊन मांड्या पाहिल्या तर पायजमा नुसता लोंबत होता.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर खर्च भांडवलातून केला होता. चरबीबरोबर स्नायूही गेले. 2011 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 65 च्या पुढच्या 107 स्थूल माणसांवरचा वर्षभराचा प्रयोग छापून आला होता. नुसतं पथ्य केलेल्यांची हालचाल सुधारली, नुसता व्यायाम केलेल्यांचीही. पण दोन्ही केलेल्यांची सगळ्यात जास्त. आणि पथ्यवाल्यांचे स्नायू जास्त झडले, दोन्ही करणाऱ्यांचे कमी.

म्हणून माझं म्हणणं, म्हाताऱ्या माणसाला 'बारीक झालात' म्हणून शाबासकी देऊ नका. हात न टेकता खुर्चीतून उठता का, ते विचारा. आपल्या घरातल्या बायकांना तर आधी विचारा. आठवड्यात तीन उपवास, वरून उरलंसुरलं संपवायचं. वजन वाढतं आणि ताकद जाते, दोन्ही एकदम. आमच्या हिचंही तेच चाललं होतं.

आता डॉक्टरांना विचारूनच आम्ही दोघं सकाळी खुर्चीतून दहा-दहा वेळा उठबस करतो. रात्री घट्ट वरण, पनीर. वजन 81 झालंय, होऊ दे.

यंदा आरतीला पुन्हा सतरंजीवरच बसणार आहे. पोरांना सांगून ठेवलंय, लगेच धावू नका रे.