8.60 म्हणजे किती टक्के?

गेल्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी आमच्या मागच्या आळीतला मुलगा दारात उभा राहिला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं गुणपत्रक त्याच्या हातात होतं आणि चेहरा रडवेला झाला होता. ‘काकू, माझे पॉइंट कापलेत,’ म्हणाला. बी.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरचा रिझल्ट लागला होता. त्याने सात विषयांचे पॉइंट मिळवले, 62 झाले, सातने भागले आणि 8.86 काढले. गुणपत्रकावर मात्र 8.60 छापलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपर फेरतपासणीला टाकायचा त्याचा विचार होता आणि फीसाठी वडिलांकडे पैसे मागायला तो कचरत होता.

मी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात 31 वर्षं काढली. लेजर, गॅझेट, एटीकेटीच्या याद्या, हरवलेल्या गुणपत्रकाच्या दुय्यम प्रती, सगळं या हातांखालून गेलं. निवृत्त होऊन कराडला घरी बसले तरी पोरं येतातच. त्यांच्या दहातल्या आठ शंका एकाच जागी अडतात: गुणपत्रकाच्या खालच्या ओळीतला आकडा कुठून आला हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

त्या मुलाच्या वडिलांची सोयाबीन नुकतीच विकून झाली होती. मी विचारलं, ‘समजा चार क्विंटल माल 4000 ने गेला आणि एक क्विंटल 5000 ने. सरासरी भाव काय पडला?’ तो पटकन म्हणाला, ‘साडेचार हजार.’ मग स्वतःच थांबला. ‘नाही काकू. पैसे 21 हजार आले, माल पाच क्विंटल. 4200.’ बस्स, एवढंच आहे ते. श्रेयांक म्हणजे विषयाचं वजन आणि पॉइंट म्हणजे त्या विषयाचा भाव. पट्टीवर एकूण किती रक्कम आली ते बघायचं आणि एकूण वजनाने भागायचं.

गुणपत्रक जेवणाच्या टेबलावर पसरून आम्ही मांडायला बसलो. भौतिकशास्त्र 4 श्रेयांक, पॉइंट 9, झाले 36. रसायनशास्त्र 4 श्रेयांक, पॉइंट 7, झाले 28. गणित 4 श्रेयांक, पॉइंट 8, झाले 32. दोन्ही प्रात्यक्षिकं 2-2 श्रेयांकांची, दोन्हींत 10, म्हणजे 20 आणि 20. इंग्रजी 2 श्रेयांक, पॉइंट 8, झाले 16. पर्यावरण 2 श्रेयांक, पॉइंट 10, झाले 20. बेरीज 172, श्रेयांक 20. भागाकार 8.60. त्याने दोनदा करून पाहिला.

प्रात्यक्षिकांचे आणि पर्यावरणाचे दहा-दहा बघून तो हुरळला होता. पण ते विषय हलके. रसायनशास्त्राचे सात जड पडले, कारण त्याचं वजन पर्यावरणाच्या दुप्पट आहे. हे वजनही कुणी मनाने ठरवलेलं नसतं. सर्वसाधारण नियम असा, की आठवड्याला एक तास लेक्चर असेल तर सेमिस्टरला एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिकाचे दोन तास मिळून एक. म्हणून वेळापत्रक हातात पडलं की कुठला विषय जड आहे ते पहिल्या दिवशीच कळतं, रिझल्टपर्यंत थांबावं लागत नाही.

फेरतपासणीचा विषय तिथेच संपला. जाता जाता त्याने विचारलं, ‘मग टक्के किती धरायचे? सायबरवाले दादा म्हणाले साडेनऊने गुणा.’

इथे मात्र मला राहवलं नाही. साडेनऊचा हा गुणाकार विद्यापीठाचा नाहीच. सीबीएसईने दहावीला काही वर्षं श्रेणी दिल्या होत्या. त्याआधीच्या काही वर्षांत 91 ते 100 मध्ये बसणाऱ्या मुलांची सरासरी 95 च्या आसपास पडत होती, म्हणून वरच्या दहा पॉइंटांना 95 धरलं आणि साडेनऊ हा आकडा आला. तिथे पाच विषय सारख्याच वजनाचे होते, त्यामुळे साधी सरासरीही चालत होती. 2018 पासून ते मंडळ पुन्हा गुणांवर आलं. तो गुणाकार मात्र फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत तसाच राहिला. साधी सरासरी आणि साडेनऊ, दोन्ही सवयी पोरं एकाच वहीतून उचलतात आणि पदवीच्या गुणपत्रकाला लावतात.

मग आम्ही त्याचे खरे टक्के काढले. सुदैवाने त्याच्या गुणपत्रकावर श्रेणीबरोबर गुणही होते: भौतिकशास्त्रात 72, रसायनात 58, गणितात 61, प्रात्यक्षिकांत 85 आणि 82, इंग्रजीत 66, पर्यावरणात 80. वजन लावून सरासरी आली 69.5. साडेनऊने गुणलं असतं तर 81.7 झाले असते. अभियांत्रिकीची मुलं तंत्रशिक्षण परिषदेचा एक जुना तक्ता लावतात. त्यात 6.25 ला 55 टक्के, 6.75 ला 60, 7.25 ला 65 असं चढत जातं, म्हणजे पाऊण वजा करून दहाने गुणायचं. त्या हिशेबाने 78.5. एकच मुलगा, एकच गुणपत्रक आणि टक्के तीन.

गोंधळ पॉइंट देण्याच्या पद्धतीत आहे. त्याच्या गुणपत्रकामागे छापलेल्या तक्त्यात 80 आणि वर म्हणजे ‘ओ’, दहा पॉइंट. 70 ते 79 ‘ए प्लस’, नऊ. 60 ते 69 ‘ए’, आठ. 55 ते 59 ‘बी प्लस’, सात. 70 वाला आणि 79 वाला एकाच खणात बसतात, आणि 69 वाला एका गुणासाठी खालच्या खणात जातो. गणितातल्या त्याच्या 61 ला आठ पॉइंट मिळाले, 69 लाही आठच मिळाले असते. एकदा गुणांचे पॉइंट झाले की त्यातून पुन्हा गुण निघत नाहीत. पीठ दळून झाल्यावर जोंधळे किती होते ते परातीकडे बघून सांगता येत नाही, तसंच. म्हणून पॉइंटांवरून टक्के काढायचं कुठलंही सूत्र अंदाजाचंच असतं, आणि कुठला अंदाज मान्य हे ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्यानेच सांगायचं असतं. खणांच्या सीमा विद्यापीठागणिक थोड्या हलतात, त्यामुळे मित्राच्या विद्यापीठाचं सूत्रही आपल्याला लागू पडत नाही.

आता विचार करा. नोकरीच्या फॉर्मवर ‘पदवीला किमान 75 टक्के’ असा रकाना आहे. हा मुलगा सायबरवाल्याच्या भरवशावर 81.7 लिहितो. पुढे कागदपत्रं तपासणाऱ्या टेबलावर त्याच्याकडे त्या आकड्याला आधार देणारा एकही कागद नाही. पोराने खोटं लिहिलेलं नसतं, पण तिथे हा खुलासा ऐकायला कुणाला वेळ असतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 च्या सुमारास देशभरासाठी ही दहा पॉइंटांची पद्धत सुचवली, त्यालाही आता दशक उलटलं. मी तिच्या विरोधात नाही. पूर्वी 59.8 टक्क्यांवर फर्स्ट क्लास हुकलेली मुलं खिडकीशी येऊन रडायची, ती मी पाहिली आहेत. परीक्षकागणिक दोन-चार गुण इकडे तिकडे होणारच, ते खणात झाकले जावेत हा विचार मला पटतो. माझं म्हणणं इतकंच आहे की ज्याच्या आयुष्याचा हिशेब आहे त्याला तो मांडता आला पाहिजे.

तो मांडता आला नाही की काय होतं, हे मी दोन वर्षांपूर्वी जवळून पाहिलं. ओळखीच्या एका घरातली मुलगी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. पाच सेमिस्टर झाल्या होत्या, 100 श्रेयांक, सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी, बरोबर 7.00. एका कंपनीच्या मुलाखतीला साडेसातची अट होती. ती उत्साहाने म्हणाली, ‘काकू, अर्धा पॉइंटच तर हवाय. या सेमिस्टरला जीव तोडून अभ्यास करते.’ मी कागद घेतला. शेवटच्या सेमिस्टरनंतर श्रेयांक होणार 120. साडेसात हवे तर एकूण 900 लागणार. हातात होते 700. उरलेल्या 20 श्रेयांकांत 200 मिळवायचे, म्हणजे प्रत्येक विषयात दहाच्या दहा. एकाही पेपरात नऊ चालणार नव्हते.

तिने कागदाकडे बघितलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच विचारलं, ‘आधी कळलं असतं तर?’

तेही मी मांडलं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तिचे 40 श्रेयांक झाले होते, सातनेच. तेव्हापासून 80 श्रेयांकांत 620 लागले असते, म्हणजे दर सेमिस्टरला पावणेआठ. तिच्या कुवतीत सहज बसणारी गोष्ट होती. वजन साठत गेलं की सरासरी हलेनाशी होते. सुरुवातीला पाव पॉइंटने काटा सरकतो, शेवटी अख्खी सेमिस्टर टाकली तरी तो जेमतेम हलतो. एका जड विषयात नापास झालं तर हिशेब उलटा फिरतो. त्या बी.एस्सी.च्या मुलाचं गणित गेलं असतं तर 32 वजा होऊन 8.60 चे थेट 7.00 झाले असते.

त्या मुलीचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्यात माझाही वाटा आहे. आमच्या खिडकीबाहेर परीक्षेची वेळापत्रकं, फीच्या तारखा, दंडाच्या सूचना मी वर्षानुवर्षं चिकटवल्या. सीजीपीए कसा काढायचा याचा एक तक्ता लावायला चार टाचण्या आणि एक पानच लागलं असतं. ते काम माझं नाही, सरांचं आहे असं मी धरून चालले. सर ते ऑफिसचं धरून चालले असणार.

म्हणून मागणी करते आहे. आपल्याकडे आता नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीची रचनाच श्रेयांकांवर उभी केली आहे, हव्या त्या शाखेतला विषय घेऊन पोरं श्रेयांक साठवणार आहेत. अशा वेळी पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात एक तास फक्त याला द्या. मुलांना वही-पेन्सिल घेऊन बसवा आणि मागच्या वर्षीच्या एखाद्या गुणपत्रकावरून, नाव झाकून, हिशेब करून घ्या. गुणपत्रकावर श्रेणीसोबत मूळ गुण छापणं कुठेही टाळू नका. सीजीपीएचे टक्के करायचा विद्यापीठाचा नियम त्याच कागदाच्या मागे छापा, म्हणजे त्यासाठी वेगळा दाखला मागायला मुलांना एस.टी.ने विद्यापीठ गाठावं लागणार नाही. आणि जाहिराती काढणाऱ्या कार्यालयांनी फॉर्मवर सीजीपीएचा रकाना सरळ द्यावा, टक्केच हवे असतील तर ते कसे काढायचे ते त्याच ओळीत लिहावं. यात कुठेही मोठा खर्च नाही.

त्या मुलीला शेवटच्या सेमिस्टरला 8.40 मिळाले. 168 पॉइंट, आधीचे 700, एकूण 868, भागिले 120. सीजीपीए 7.23. पेढे घेऊन आली तेव्हा हा आकडा तिने गुणपत्रक हातात यायच्या आधीच काढून ठेवला होता. मुलाखतीचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. सोबत धाकटा भाऊ होता, नुकताच बी.कॉम.ला प्रवेश घेतलेला. आमच्या ओट्यावर बसून तिने त्याच्या नव्या वहीच्या शेवटच्या पानावर पट्टीने चार रकाने आखले: विषय, श्रेयांक, पॉइंट, गुणाकार. पहिला रकाना त्याने वेळापत्रक बघून भरला, दुसराही भरला. तिसऱ्यापाशी थांबून त्याने तिच्याकडे पाहिलं. ‘तो तुझा तुला भरायचाय,’ ती म्हणाली.