भिंत स्वच्छ, माणूस बाजूला!

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. गुडघे कुरकुरतात म्हणून गप्प होते, पण आज राहवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मुंबईचा पुतण्या जव्हारला आला होता. गळ्यात भलामोठा कॅमेरा. मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा बघून झाला, तर म्हणाला, "काकू, मला मिनिमल फोटो काढायचेत." म्हणजे काय, तर चौकटीत जितकं कमी तितकं उत्तम. एक रंग, एक पोत, एक तिरपी रेषा... बाकी मोकळी जागा.

त्याला मोखाड्याकडच्या एका पाड्यावर नेलं. माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं घर. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचं लिंपण, वर गेरू. सकाळचं ऊन भिंतीला घासून जात होतं, त्यामुळे लिंपणातला बोटांचा फराटा न् फराटा उठून दिसत होता. छपराच्या उताराची सावली भिंतीवर तिरपी पडलेली. खरंच सुंदर! दाराशी विद्यार्थ्याची आई बसली होती, शेजारी निळा प्लास्टिकचा हंडा. पुतण्या म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? आणि काकू, तेवढा हंडा..." आजी मुकाट्याने उठली. हंडा मी उचलला. रिकामा होता.

फोटो छान आला. मित्रमंडळींनी वाहवा केली. मला मात्र तो बघवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना कलेतलं काय कळतं? कबूल. पण आयुष्यभर मुलांना निबंध शिकवला. नको ते गाळा, हे मीच सांगत आले. ल्युसियाँ हर्वे नावाचा फोटोग्राफर ल कॉर्ब्युझिएच्या इमारतींचे फोटो काढायचा. तिरप्या रेषा, कडक सावल्या, आणि छापलेल्या फोटोच्या कडा चक्क कात्रीने कापायचा. गाळण्याशी माझं भांडण नाहीच. भांडण आहे ते 'नको ते' कोणी ठरवायचं याच्याशी.

तो पोत म्हणजे काय? बाईच्या हाताचे ठसे. दर वर्षी तिने पुन्हा लिंपायचं, तेव्हा तो टिकतो. ती तिरपी रेषा कशासाठी? आमच्याकडे पाऊस असा कोसळतो की छपराला उतार दिला नाही तर कूड आषाढातच बसेल. तो निळा रंग? मोखाड्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, त्या रांगेतला तो रंग! याच तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं. म्हणजे पुतण्याच्या नळाला. आणि आम्ही दोघांनी मिळून हंडा चौकटीबाहेर ठेवला.

१९९२ साली वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने गेली, तेव्हा कुठे साऱ्या महाराष्ट्राला जव्हार दिसलं. तोवर आम्ही चौकटीबाहेरच होतो. म्हणून 'जरा बाजूला व्हा' हे शब्द मला सहज ऐकवत नाहीत. साधेपणा आणि अभाव दिसायला सारखे असतात, पण एक माणूस निवडतो, दुसरा त्याच्या वाट्याला येतो. दुसऱ्याला पहिल्याचं नाव देणं ही मला लबाडी वाटते.

मग फोटो काढूच नयेत का? काढा की! रंग बघा, पोत बघा, रेषा बघा. कमीत कमी ठेवा. पण आधी घरच्यांना विचारा. भिंत कोणी लिंपली ते फोटोखाली लिहा, तिची हरकत नसेल तर. आणि जिची भिंत, तिला तिच्याच दारातून उठवू नका. एक बाई, एक हंडा, एक सावली... याहून कमी ते काय असतं हो?

पुतण्याला हे सगळं सांगितलं. तो रागावला नाही, म्हणाला, "दिवाळीत परत जाऊ." जाऊ. आजीला मी दाराशीच बसायला सांगणार आहे. आणि हंडा या वेळी मी उचलणार नाही.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.